जुनी यारी घेताना

भार उचलणाऱ्या यंत्राला आपल्या मराठीत ‘यारी’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. कोशात तो सुखाने नांदतो. कारखान्यात मात्र सर्वांच्या तोंडी ‘क्रेन’च. हिंदीत यारी म्हणजे मैत्री. मैत्री जितकी जुनी तितकी बरी. या दुसऱ्या यारीविषयी तसे निःशंकपणे म्हणता येत नाही.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. बेळगावकरांना तरी हा प्रश्न पडू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते याच गावात. आज उद्यमबागेतील ओतशाळांत आपल्या घरांतील मुले कोठे मालक म्हणून, कोठे कामगार म्हणून उभी आहेत. नवी यारी परवडत नाही, म्हणून एखाद्या बंद पडलेल्या कारखान्यातील जुनी घ्यावी, असा बेत पुष्कळदा होतो. माझे काही जुने विद्यार्थी या धंद्यात आहेत. त्यांच्यासोबत हिंडून जे पाहिले आणि विचारले, ते येथे मांडतो.

यंत्राला हात लावण्यापूर्वी कागद मागावेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील २९ व्या कलमाने अशा यंत्राची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करणे व तिची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले होते. तेव्हा जुन्या यारीच्या मालकाजवळ मागील वर्षांच्या नोंदी असावयास हव्यात. ‘कागद कोठेतरी गहाळ झाले’ हे उत्तर मिळाल्यास किंमत उतरली म्हणून आनंदून जाऊ नये. कागदांत आणखी एक गोष्ट पाहावी. दहा टनांच्या दोन यारी सारख्या नसतात. दिवसातून चार वेळा चालणारी आणि तिन्ही पाळ्यांत राबणारी यांची घडण निराळी असते. एम-१ ते एम-८ हे वर्ग याचसाठी केलेले आहेत.

मग हूक. हूक ओढून-ठोकून घडविलेल्या पोलादाचा असतो आणि अतिभाराने एकाएकी तुटण्यापूर्वी त्याचे तोंड बहुधा फाकत जाते. म्हणजे तो बिचारा आगाऊ सूचना देत असतो. पुष्कळ हुकांवर दोन ठिपके ठोकलेले असतात. त्यांतील अंतर मूळ मापाशी ताडून पाहावे. भार टेकतो तेथे धातू झिजला आहे काय, हूक पिळवटला आहे काय, हेही पाहावे. हुकावर वेल्डिंगची खूण दिसली, तर पुढे बोलणेच नको. त्या उष्णतेने घडीव पोलादाचा कस जातो. रंग ताजा असेल तर तो खरवडून, लाल द्रव लावून व पुसून, वर पांढरी पूड फवारावी. भेग असल्यास पांढऱ्यावर तांबडी रेघ उमटते. विक्रेता रंग खरवडू देत नसेल, तर ते उत्तरच समजावे.

तारदोरावरून जाड फडके फिरवावे, उघडा हात नव्हे. तुटलेली तार फडक्यात अडकते. दोराचा व्यास व्हर्नियरने अनेक ठिकाणी मोजावा, विशेषतः कप्पीवरून सतत वळणाऱ्या भागात. दोर बदलता येतो. त्याच्या स्थितीवरून निगा कशी राखली होती, हे मात्र कळते. दंतपेटीतील तेल थोडे काढून उन्हात धरावे. त्यात धातूची चमक असेल, तर दाते झिजत आहेत.

ब्रेकची परीक्षा रिकाम्या यंत्रावर होत नाही. भार अर्ध्यावर उचलून थांबवावा आणि काही मिनिटे नुसते पाहत राहावे. तो किंचितही खाली सरकला, तर कारण सापडेपर्यंत सौदा थांबवावा.

ओतशाळेसाठी घेणाऱ्याने आणखी एक विचारावे: ही यारी पूर्वी काय उचलीत होती? १८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या लिआओनिंग प्रांतातील तिएलिंग येथे पोलादाच्या कारखान्यात सुमारे तीस टन वितळलेल्या पोलादाचे भांडे खाली कोसळले. पाळी बदलण्याच्या वेळी शेजारच्या खोलीत जमलेले बत्तीस कामगार मृत्युमुखी पडले. तेथे वितळलेल्या धातूसाठी घडविलेल्या यारीऐवजी साधीच यारी वापरात होती. साधे ओझे सुखरूप वाहणारी यारी तप्त रसासाठी योग्य ठरतेच असे नाही, ही गोष्ट स्वस्ताईच्या भरात विसरली जाते. विकत घेणारा कार्यालयात बसतो. भांड्याजवळ उभा राहणारा दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा असतो.

आपली शेड आधी मोजावी. दोन रुळांतील अंतर, छतापर्यंतची उंची, खांबांची ताकद यांपैकी काही जुळले नाही, तर तुळई कापण्या-जोडण्याचा मोह होतो. तो अभियंत्याच्या आकडेमोडीवाचून करू नये.

उतरवून आणून पुन्हा उभारलेल्या यारीची परीक्षा नव्याने घ्यावी, पूर्वीचा दाखला असला तरी. क्षमतेच्या सव्वापट भार जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलून धरावा. दहा टनांच्या यारीसाठी साडेबारा टन लागतील. ओतशाळेत लोखंडाच्या लाद्या असतातच. त्या आधी वजनकाट्यावर तोलून घ्याव्यात, अंदाजाने नव्हे. आणि त्या वेळी खाली कोणी उभे नाही, हे मालकाने स्वतः पाहावे.