राजांगणातील लहानशी बाग

गोव्यातील कित्येक जुन्या घरांच्या मध्यभागी एक उघडा चौक आढळतो. त्यास राजांगण म्हणतात. पुष्कळदा ते चार पावलांत ओलांडता येते. परंतु तेवढ्या जागेत जुन्या गवंड्यांनी जे साधले, ते आजच्या प्रशस्त बंगल्यांच्या बागांतूनही क्वचितच साधलेले दिसते. जागा लहान म्हणून तीत सर्व काही कोंबावे, असा मोह त्यांना झाला नाही. नजर खिळावी अशी एकच वस्तू त्यांनी तेथे मांडली. ती म्हणजे तुळशीवृंदावन.

वृंदावन चौकोनी असो वा अष्टकोनी, त्याचे थर वर जाताना निमुळते होतात. त्यामुळे मुळात बेताचे असलेले बांधकाम उंच भासते, आणि तुळस ओसरीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात येते. दिव्याचा कोनाडा अर्थातच घराकडे तोंड करून.

रंगाचा विचारही असाच नेटका. लोहाच्या अंशामुळे जांभा दगड तांबडा असतो, आणि तांबड्याशेजारी हिरवा आला की दोन्ही खुलतात. मागे चुन्याची पांढरी भिंत असली की चौथ्या रंगाची वाण भासत नाही. वृंदावनाला भडक तैलरंग फासण्याची जी हौस हल्ली दिसते, तिने बिचारी तुळसच दिसेनाशी होते!

भिंत फारच रिती वाटली, तर कावकामाचा हातभर पट्टा तिला शोभतो. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यावयाचा, आणि तो वाळण्यापूर्वी अणकुचीदार हत्याराने नक्षी कोरावयाची. कोरलेल्या जागी खालचा पांढरा चुना उघडा पडतो. चुकलेली रेघ पुसता येत नाही. म्हणून हात बसलेला कारागीरच हवा. चुना सुकताना रंग धरून ठेवतो, आणि नक्षी टिकते. गोव्यातील व कोकणातील जुन्या देवळांच्या भिंतींवर हे काम अद्याप पाहावयास मिळते.

झाडे थोडीच असावीत. एका कोपऱ्यात अनंत, उन्हाच्या बाजूस अबोलीचा वाफा; एवढ्याने भागते. पाण्याचे दगडी भांडे ठेवल्यास ते दर आठवड्यास उपसावे, नाही तर डास होतात.

खरी चूक होते ती जमिनीच्या बाबतीत. चिखल नको म्हणून सगळे अंगण सिमेंटने लिंपले जाते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो अंगणात मुरला नाही, तर गटारावाटे समुद्राला मिळतो, आणि उन्हाळ्यात परसातल्या विहिरीचा तळ दिसू लागतो. शिवाय तापलेल्या सिमेंटची धग ओसरीपर्यंत येते, ती निराळीच. त्यापेक्षा वाळूच्या थरावर जांभ्याच्या लाद्या बसवाव्यात, त्यांत चुना-सिमेंट न भरता दोन बोटे फट ठेवावी आणि फटींत दूर्वा लावाव्यात. पाय चिखलात भरत नाहीत, आणि पाणीही जमिनीत जिरते.