जिंतूरची वेलांटी आणि लाल टोपी

शाळेतल्या संगणकावर किंवा घरातल्या मोबाईलवर एक छोटा प्रयोग करून पाहा. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरचे पहिले अक्षर, ‘जिं’, टाइप करा. आता खोडण्याची कळ एकेकदा दाबा. आधी अनुस्वार जातो, मग वेलांटी जाते आणि ‘ज’ मागे उरतो. आहे की नाही गंमत? कागदावर वेलांटी ‘ज’च्या डावीकडे, म्हणजे आधी दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ती ‘ज’च्या नंतर आलेली असते.

असे का व्हावे? संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देण्यात आला आहे. या सर्वमान्य यादीला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. या यादीत ‘प’ म्हणजे २३४६, ‘र’ म्हणजे २३५२, ‘भ’ म्हणजे २३४९, ‘ण’ म्हणजे २३३९ आणि दुसरी वेलांटी म्हणजे २३६८. तुम्ही ‘परभणी’ लिहिता तेव्हा यंत्राच्या स्मृतीत हे पाच आकडे ओळीने जाऊन बसतात, बाकी काही नाही.

आता ‘पूर्णा’ घ्या. येथे सहा आकडे लागतात : २३४६, २३७०, २३५२, २३८१, २३३९, २३६६. चौथा आकडा हलन्त चिन्हाचा, म्हणजे पाय मोडण्याचा. पण पडद्यावर पाय मोडलेला ‘र’ कोठे दिसतो? तो ‘णा’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आकड्यांची रांग उच्चाराप्रमाणे लागते आणि चित्र लिपीच्या रूढीप्रमाणे उमटते. या दोहोंची सांगड घालण्याचे काम संगणकातील मांडणीची आज्ञावली आणि अक्षरसंच, म्हणजे ज्याला आपण फाँट म्हणतो, ही दोघे मिळून करतात. फाँटमध्ये नुसती अक्षरांची चित्रे नसतात, नियमही असतात. ‘र’ आणि हलन्त यांच्यापुढे व्यंजन आले तर रफार काढ, ‘क’, हलन्त आणि ‘ष’ आले तर ‘क्ष’ काढ, असे शेकडो नियम.

त्यात मराठीचा स्वतःचा हट्ट आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोलगट जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा ‘र’. हिंदीला या आडव्या ‘र’ची गरज पडत नाही, त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फाँटमध्ये आपली दरी समुद्रात बुडण्याची भीती! मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. हे ज्याला मराठी वाचता येते त्यालाच सुचणार.

युनिकोड रुळण्यापूर्वी काय होत होते, ते तुमच्या शिक्षकांना विचारा. तेव्हा प्रत्येक फाँट बनवणारा इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आपल्या सोयीने मराठी चित्रे बसवी. प्रश्नपत्रिका एका संगणकावर टाइप केली आणि तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. त्या मजकुरात ‘पूर्णा’ हा शब्द शोधणे यंत्राला अशक्य, कारण त्याच्या दृष्टीने तेथे ‘पूर्णा’ नव्हतेच. अशा किती प्रश्नपत्रिका, अहवाल आणि गावांचे इतिहास आज कोणालाही वाचता न येणाऱ्या अवस्थेत पडून असतील, याचा विचार केला की वाईट वाटते.

चांगला फाँट करणे महाग आणि कष्टाचे असते. तो करायचा कोणी, आणि केल्यावर तो कोणाचा? येथे आपली गाठ एका कंपनीशी पडते.

‘रेड हॅट’, म्हणजे लाल टोपी, ही अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात १९९३ साली सुरू झालेली कंपनी. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाच्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. तीच प्रणाली नीट बांधून देणे आणि तिची देखभाल करणे हा या कंपनीचा धंदा. २००० साली तिने भारतात उपकंपनी काढली. उपकंपनी इथल्या कायद्याने नोंदलेली असते, इथे कर भरते, इथली माणसे नेमते, पण तिची मालकी मूळ कंपनीकडेच राहते. रेड हॅटच्या भारतीय भाषांच्या कामाचे केंद्र पुण्यात होते.

श्रीलिपीमुळे नाव झालेली मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनीही पुण्याचीच. तिने घडवलेले काही भारतीय लिप्यांचे फाँट रेड हॅटने २००४ साली खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. नाव ठेवले ‘लोहित’. संस्कृतात लोहित म्हणजे तांबडा. टोपीशी नाते जुळले! आरंभी पाच भाषा होत्या, पुढे मराठीसह इतर आल्या. पुण्यातल्या अभियंत्यांनी त्यांतले नियम वर्षानुवर्षे दुरुस्त केले.

खुला परवाना म्हणजे काय? आपल्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी मोती’ हा रब्बी ज्वारीचा सरळ वाण आहे. शेतकरी एकदा बियाणे आणून पुढच्या वर्षासाठी घरचेच राखू शकतो. संकरित बियाणे मात्र दर हंगामाला विकत घ्यावे लागते. खुली आज्ञावली सरळ वाणासारखी. ती वापरता येते, आतून वाचता येते, बदलता येते, शेजाऱ्याला देता येते. अट एवढीच की बदललेली प्रतही तशीच खुली द्यायची. (उपमा फार ताणू नये, वाटल्याने ज्वारी कमी होते, आज्ञावली होत नाही.)

कंपनीने हे धर्मादाय म्हणून केले असे समजू नका. मराठी, तमिळ, बंगाली नीट दिसल्याशिवाय भारतातील कार्यालयांत तिची प्रणाली खपणार कशी? हेतू व्यापाराचाच होता, आणि त्यात गैर काही नाही. आपण पाहायचे ते हे, की कंपनीचे मन बदलले किंवा मालक बदलला तर आपल्या हाती काय उरते.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. आयबीएम या अमेरिकन कंपनीची यंत्रे पूर्वी भारतात ठिकठिकाणी होती. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली. आयबीएमला ती मान्य झाली नाही आणि १९७८ साली ती भारतातून निघून गेली. तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सीएमसी या सरकारी कंपनीला अंगावर घ्यावे लागले. आयबीएम १९९२ साली टाटांच्या भागीदारीत परतली. आणि २०१९ साली याच आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून अख्खी रेड हॅट विकत घेतली!

लोहितचे काय झाले? काही नाही. २०११ साली हे फाँट खास फाँटसाठी असलेल्या दुसऱ्या खुल्या परवान्याखाली आणले होते. एकदा अशी दिलेली प्रत नवा मालक परत मागू शकत नाही. ती फाइल उतरवून घ्या आणि ‘फाँटफोर्ज’ या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीत उघडा. ‘ल’ची दोन्ही रूपे शोधा. मग ‘पूर्णा’चा रफार कोणत्या नियमाने ‘णा’वर चढतो ते पाहा. तो तुम्हाला थोडा उजवीकडे हवा असेल, तर सरकवून पाहायला कोणाची परवानगी लागणार नाही.