औद्योगिक नियंत्रण प्रणालींची सायबर सुरक्षा : अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर उद्योगाच्या संदर्भात

दि. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या संगणकीय विषाणूमुळे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. वस्तुतः हे बंदर हल्ल्याचे लक्ष्य नव्हते. युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरमधून शिरलेला विषाणू टर्मिनलचालक समूहाच्या जागतिक जाळ्यातून येथवर पोहोचला होता.

अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर उद्योगासाठी ही घटना उद्बोधक आहे. बॉयलर व टर्बाइन यांचे संगणकीय नियंत्रण आणि कार्यालयीन हिशेब एकाच जाळ्यावर असल्यास हिशेबाच्या संगणकातील विषाणू यंत्रापर्यंत पोहोचू शकतो. ऐन हंगामात गाळप थांबल्यास तोडलेला ऊस वाळतो, वजन व साखर उतारा घटतो आणि त्याची झळ अंतिमतः ऊस उत्पादकास बसते.

यावर पुढील उपाय संभवतात : (१) दोन्ही जाळी विभक्त ठेवून मध्ये फायरवॉल बसविणे, (२) नियंत्रकांचे मूळ पासवर्ड बदलणे, (३) नियंत्रण-प्रोग्रामची प्रत जाळ्याबाहेर जतन करणे, (४) कर्मचाऱ्यांना यंत्रे हाताने चालविण्याचा सराव देणे. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे.

सारांश, जाळ्यांचे विभाजन ही केवळ तांत्रिक बाब नसून ऊस उत्पादकाच्या उत्पन्नाचे संरक्षण होय.