साइट फुकट, पण पत्ता कुणाचा?

सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या कुणापाशी वेबसाइटचा विषय काढला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मोबाइलवर तासाभरात बनवली, तीही फुकट, आता साइट कायमची आपली.’ तासाभरात आणि फुकट, हे खरं. ‘कायमची आपली’ हे साफ खोटं, आणि तरीही ते पुन्हा पुन्हा सांगितलं जातं.

2017 साली गूगलने दुकानदारांसाठी फुकट वेबसाइटची सोय सुरू केली. नकाशावर दुकानाची नोंद असली की फोटो, वेळा, फोन नंबर घेऊन पान आपोआप तयार होई. पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’. मार्च 2024 मध्ये गूगलने ही सगळी पानं बंद केली. जुना पत्ता टाकणाऱ्या ग्राहकाला 10 जूनपर्यंत दुकानाच्या गूगलवरच्या नोंदीकडे वळवलं जाई. पुढे तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता कार्डांवर, पिशव्यांवर, पॅकिंगवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. पत्ता गूगलचा होता, गूगलने तो काढून घेतला.

पैसे भरले की हा धोका टळतो का? नाही. विक्स या तयार साच्यांवर साइट बांधू देणाऱ्या सेवेच्या, म्हणजे ‘बिल्डर’च्या, मदत-पानांवरच लिहिलं आहे, की तिथे बांधलेली साइट त्यांच्याच सर्व्हरवर चालते, उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वर्डप्रेस डॉट कॉम मात्र मजकूर बाहेर काढू देतं. म्हणून बिल्डर निवडण्याआधी दराइतकंच हेही विचारायला हवं: उद्या सोडून जायचं ठरलं, तर सोबत काय नेता येईल?

स्वतः लिहिलेल्या पानाचं तसं नसतं. एचटीएमएलचं पान म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती संगणकावर असते, होस्टिंगवर चढवायची. होस्टिंगवाला बंद पडला तर दुसरीकडे चढवायची. याहूने 2009 मध्ये जिओसिटीज ही फुकट पानांची सेवा बंद केली, तेव्हा ज्यांच्याकडे आपल्या फाइली होत्या त्यांना हेच करता आलं. सर्न या संशोधन संस्थेतल्या, जगातल्या पहिल्या संकेतस्थळाची जुनी प्रतही साध्या एचटीएमएलमध्येच असल्याने आजच्या मोबाइलवर उघडते.

अर्थात ऑनलाइन पेमेंट, मालाचा साठा, कुरिअरचा हिशेब हवा असेल, तर बिल्डर किंवा तयार दुकान-प्रणालीच सोयीची. ते सगळं एकट्याने बांधणं वेळखाऊ आणि जोखमीचं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘वेबसाइटसाठी प्रोग्रॅमिंग यावं लागतं.’ माहिती, फोटो आणि फोन नंबर दाखवणाऱ्या पानाला एचटीएमएलच्या मोजक्या खुणा पुरतात.

‘होस्टिंग महागच.’ गिटहब पेजेस या सेवेवर साधी पानं फुकट ठेवता येतात. मात्र ऑनलाइन दुकान चालवायला गिटहबची परवानगी नाही.

‘मराठीसाठी खास फॉन्ट लागतो.’ युनिकोडमध्ये लिहिलेली देवनागरी प्रत्येक आधुनिक फोनवर दिसते.

‘पत्त्याशेजारच्या कुलपाचे पैसे पडतात.’ लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्या कुलपामागचं सुरक्षा प्रमाणपत्र फुकट देते.

‘साइट करून देणाऱ्याने डोमेन (साइटचा पत्ता) घेतलंय, म्हणजे ते आपलंच.’ ज्याच्या नावावर आणि ईमेलवर नोंदणी, ताबा त्याचा.

तेव्हा साइट बिल्डरवर बांधा किंवा हाताने लिहा, पण डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, मुदत संपण्याआधी त्याचं नूतनीकरण करा आणि मजकूर-फोटोंची एक प्रत आपल्या संगणकावर ठेवा. पिशव्या छापायला टाकाल ते त्यानंतरच.