मोटारीचा हॉर्न : आवाज आणि इशारा

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोटारीच्या हॉर्नसारखा विषय यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु वाहतूक कामगारांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले, त्याला ही चैनीची वस्तू वाटत नाही. घाटातल्या वळणापलीकडच्या माणसाला दिवसाउजेडी सावध करण्यासाठी ड्रायव्हरजवळ एवढेच साधन असते. ते क्षीण झाले, तर कोणाच्या तरी जिवाशी गाठ पडते.

प्रथम हॉर्न वाजतो कसा, ते पाहू. त्याच्या पोटात तारेचे वेटोळे असते. वीज सोडली की त्याचा लोहचुंबक बनतो व तो पोलादी पडद्याला ओढतो. पडदा पुरता ओढला गेला की आतला संपर्क सुटतो, वीज तुटते, पडदा मागे येतो आणि वीज पुन्हा सुरू होते. हा खेळ सेकंदाला चारपाचशे वेळा चालतो. त्या कंपनालाच आपण आवाज म्हणतो.

हॉर्नचा आवाज बसला की आपण दुकानातून मोठा हॉर्न आणतो. पण पुष्कळदा दोष हॉर्नचा नसतोच. त्याच्यापर्यंत वीजच पुरती पोचत नाही. एक हॉर्न सुमारे ५ अँपियर प्रवाह घेतो. बारीक तार, गंजलेले जोड व झिजलेले बटण यांचा मिळून ०.४ ओहम अवरोध झाला, तर जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मजुरी पुरी निघाली, पण मुकादमाने मध्येच कापून घेतली, तर कामगाराच्या हाती काय उरणार? तोच हा प्रकार. म्हणून हॉर्न वाजत असताना त्याच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून पाहावा. तेथे बॅटरीपेक्षा बरेच कमी व्होल्ट दिसले, तर गळती वाटेत आहे असे समजावे.

यावर उपाय रिलेचा. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणावी व ८७ पासून हॉर्नला न्यावी. ८५ आणि ८६ ही टोके बटणाच्या वाटेला जोडावीत. मग बटणातून अगदी थोडा प्रवाह जातो आणि खरा भार रिले उचलतो. फ्यूज बॅटरीच्या जवळच असावा. अर्थचा जोड रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट बसवावा. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. नव्या गाड्यांत रिले बहुधा असतोच. तेथे जोड आधी तपासावेत.

आता गोडव्याचा प्रश्न. चपट्या थाळीसारख्या हॉर्नचा आवाज कर्कश असतो. शंखाच्या आकाराच्या हॉर्नात तो वळणदार नळीतून बाहेर पडतो, म्हणून भरदार वाटतो. त्याचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही. असे दोन हॉर्न, एक ४०० व दुसरा ५०० कंपनांचा, एकदम वाजले, तर त्यांचे प्रमाण ५ : ४ होते. गाणे जाणणाऱ्यांना सांगायला नको की हे षड्ज आणि शुद्ध गांधार यांचेच नाते आहे! मात्र सारख्या दोन हॉर्नांनी आवाज दुप्पट भासत नाही. वाढ फक्त ३ डेसिबलची होते. दुप्पट भासायला सुमारे १० डेसिबल लागतात.

येथे कायद्याची मर्यादा येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११९ प्रमाणे एकामागून एक निरनिराळे सूर काढणारे, तसेच अवाजवी कर्कश हॉर्न बसवण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा १,००० रुपये व पुढे २,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाहून मोठी गोष्ट कानांची आहे. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काढणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू जाते. चौकातला पोलीस, रिक्षावाला, बसचा कंडक्टर यांना आपल्यासारखी काच वर करून बसता येत नाही. त्यांचे कान हीसुद्धा त्यांच्या पोटापाण्याची हत्यारे आहेत.

मुंबईच्या गिरणगावात एके काळी भोंगा फार दूरवर ऐकू जाई. पण तो पाळीच्या वेळेलाच होई, म्हणून ऐकणारा लगबगीने उठे. दिवसभर वाजला असता, तर कोणी कूसही बदलली नसती. आपला हॉर्न अवश्य दुरुस्त करा, भरदार करा. आणि तो वाजेल तेव्हा समोरच्याने दचकून वळून पाहावे, इतका क्वचित वाजवा.