फुटवा आला म्हणजे मूळ आलं असं नव्हे

बारामती तालुक्याचा सुपे भाग पर्जन्यछायेतला. इथल्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा रमतात, तिथली हवा कोरडी असणारच. या हवेत जास्वंदीची, बोगनवेलीची फांदी कुंडीत खोचली की ती अनेकदा वाळते आणि दोष हाताला दिला जातो. खरं कारण बहुधा चुकीच्या समजुतीत असतं.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे ‘कोंब फुटला, कलम लागलं’. फांदीत साठलेल्या पिष्टावर आणि पाण्यावर डोळे आधी फुटतात. तेव्हा खाली मुळांचा पत्ताही नसू शकतो. त्याच आनंदात कुंडी उन्हात जाते, शेणखत पडतं आणि कोवळी पानं माना टाकतात. मूळ आलं का हे उपटून बघणं तर घातकच, कारण नुकती फुटणारी मुळं केसासारखी तुटतात. फांदी हलकेच ओढल्यावर रुतून बसल्यासारखी वाटली किंवा कुंडीच्या भोकातून मुळं दिसली, तरच खात्री धरावी.

‘रोज भरपूर पाणी घाला’ हेही तसंच. मुळंच नसल्यामुळे फांदीला मातीतलं पाणी फारसं ओढता येत नाही. पानांतून मात्र ते सतत उडत राहतं. चिखल झालेल्या मातीत हवा राहत नाही आणि बुडखा कुजतो. म्हणून पाण्याचा खर्च कमी करायचा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा, शेंड्याची दोनच पानं ठेवावीत, तीही मोठी असतील तर अर्धी कापावीत. वर पारदर्शक पिशवी आणि उजेडाची सावली. पिशवीवर थेट ऊन पडलं तर आत फांदी शिजते. माध्यम वाळू आणि कोकोपीटचं, ओलसर. खत मुळं धरल्यावर.

बागायती पट्ट्यातल्या शेतकऱ्याला वाटतं, उसाची कांडी लागते तशी हीही लागेल. दोन्ही छाट कलमंच. पण बेण्याची कांडी पानांशिवाय मातीखाली झाकलेली असते, तिचं पाणी उडत नाही. अंगणातल्या फांदीला ते संरक्षण आपण द्यावं लागतं. त्यामुळे कलमं करायला पावसाळ्याचे दमट दिवस उत्तम. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात तो नाद नकोच.

मुळं फुटवणारी पावडर प्रत्येक फांदीला लागते असंही नाही. मनीप्लँट, कोलियस, तगर तिच्याशिवाय लागतात. बोगनवेलीच्या जून फांदीला मात्र ती खरंच उपयोगी पडते. चिमूटभर पुरे, जास्त लावली तर बुडखा जळतो. पांढऱ्या चाफ्याची गोष्ट उलटी: चीक सुकून काप कोरडा होईपर्यंत फांदी काही दिवस सावलीत ठेवावी, मगच लावावी.

‘कलम हुबेहूब मूळ झाडासारखंच येतं’ हे बहुतेक खरं. म्हणूनच रोगट झाडाची फांदी घेऊ नये. इंदापूरकडच्या डाळिंबवाल्यांना तेल्या रोग रोपांबरोबर कसा येतो ते ठाऊक आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लँटचं पान कापून लावलं तर नवं रोप बिनकाठाचं, नुसतं हिरवं येतं. पिवळा काठ हवा असेल तर गड्डाच विभागून लावावा.