सोयाबीनचा पैसा पुढच्या दिवाळीपर्यंत

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज घरखर्चाच्या अंदाजपत्रकाबद्दल बोलायचंय. शब्द जड आहे, अर्थ साधा. पैसा हातात पडताच कशाला किती, हे ठरवून टाकायचं.

आमच्या गटातल्या दहा जणींनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आम्ही चुकलो. नोकरदारांसारखा महिन्याचा हिशेब मांडला. पण आपल्याला पहिल्या तारखेला पगार कुठे असतो? दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन विकलं की पैसा एकदम येतो. जूनमध्ये बी-बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं असा खर्चही एकदम निघतो आणि नेमका तेव्हा डबा रिकामा असतो. म्हणून आता आम्ही हिशेब वर्षाचा धरतो, दिवाळी ते दिवाळी.

समजा, काढणी-मळणीचे देऊन हातात ६०,००० रुपये राहिले. त्यातले पेरणीचे १५,००० आणि शाळेचे ५,००० आधी बाजूला. उरले ४०,०००. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ३,३०० च्या आसपास येतात. घराला लागतात ६,०००. म्हणजे दर महिन्याला २,७०० रुपये मजुरीतून, दुधातून, शेळ्यांतून उभे करायचे. हा आकडा पहिल्यांदा कागदावर बघून आमच्या पोटात गोळाच आला होता. पण दिवाळीतच तो कळला, तर नवा मोबाइल घ्यायच्या आधी घरात बोलणं तरी होतं. जूनमध्ये कळला तर कर्ज काढावं लागतं. ५,००० घेतले तर गटाच्या २ टक्क्यांनी महिन्याला १०० रुपये व्याज, बाहेरच्या ५ टक्क्यांनी २५०.

खर्च लिहिताना किराणा, तेल, गॅस आठवतं. सुटतात ते वेगळेच. मोबाइलचं रिचार्ज २८ दिवसांचं असेल तर ते वर्षात १२ नाही, १३ वेळा करावं लागतं. लग्नसराईतले आहेर कुणीच लिहीत नाही. मागच्या वर्षी किती लग्नं झाली ते आठवा, म्हणजे अंदाज येईल. आणि पुड्या! दहाच्या तीन पुड्या रोज म्हटलं तरी महिन्याचे ९०० होतात. हे लिहायला बायका कचरतात, घरात भांडण नको म्हणून. लिहा. नाव घालू नका, नुसतं ‘पानतंबाखू’ लिहा.

आमच्यातल्या एकीने वही लपवून ठेवली होती. तिच्या मालकांना वाटलं, पैसा भरपूर आहे. त्यांनी भावकीत उसने देऊन टाकले. पेरणीचे गेले. त्यानंतर गटात ठरलं, दिवाळीच्या पाडव्याला वही सगळ्यांसमोर उघडायची. सासूबाईंनाही बसवायचं. कुणाच्या लग्नाला किती आहेर केला, हे त्यांच्याइतकं कुणाला आठवतं?

बाजूला काढलेला पैसा घरात ठेवू नका. डाळीच्या डब्यातला पैसा पाहुणा आला की हलतो. तो बँकेत किंवा पोस्टाच्या बचत खात्यात टाका. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पण तिची मुदत पाच वर्षांची असते. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला ती ठीक, जूनच्या पेरणीला नाही.

एखाद्या महिन्यात हिशेब मोडणारच. आजारपण आलं, बैल बसला, तर मोडू द्या. फक्त किती मोडला ते त्याच दिवशी लिहा आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत थोडं थोडं भरून काढा. आमच्यातल्या ज्या जणींनी एकदा मोडला म्हणून वहीच बंद केली, त्या पुन्हा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत गेल्या.

गटाच्या पुढच्या बैठकीला जुनी अर्धी वही आणि पेन्सिल घेऊन या. जिला लिहिता येत नाही तिने शाळेतल्या लेकीला सोबत आणावं. पहिलं पान आपण तिथेच मांडू.